झोप घालवणारं पाणी

दादा एक डोळा मिटायचे, वीतभर लांबीची ती नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायचे आणि श्वास रोखून आत बघायचे. नळीच्या टोकाला तिरकी काच, काचेवर झाकण आणि झाकणाखाली रसाचा एक थेंब. एकच. दुसरा पडला तर काच पुसून पुन्हा सुरुवात. मग नळी खाली घेऊन ते आकडा सांगायचे आणि आकड्यामागून त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आकडा खोटं बोलत न्हाई, गड्या."

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हे बघणं म्हणजे आमच्या पोटापाण्याचं काम. त्या नळीला आम्ही ब्रिक्समीटर म्हणतो. शंभर भाग रसात विरघळलेला ऐवज किती, ते ती सांगते, आणि उसाच्या रसात विरघळलेला ऐवज म्हणजे बहुतेक साखरच. पहिल्या मिलचा रस अठरा-एकोणीस दाखवतो, शेवटच्या मिलचा पार दोन-तीनवर येतो. दर तासाला नमुने आणायचे, आकडे लिहायचे, पाळी संपली की वही पुढच्याच्या हातात द्यायची. पंचवीस-तीस वर्षं हेच केलं की माणूस बाहेरच्या जगाकडेही त्याच नळीतून बघायला लागतो. मी लागलो नाही, कारण मी मुळात आळशी. दादा लागले.

चहाचा ब्रिक्स, कलिंगडाचा ब्रिक्स, कामगारांच्या सभेत वाटलेल्या सरबताचा ब्रिक्स. माझ्या मुलीला लहानपणी खोकला झाला होता तेव्हा मी औषधाची बाटली घेऊन तसाच पाळीवर आलो, तर दादांनी तिचाही एक थेंब काचेवर घेतला. आमच्या नळीतली पट्टी बत्तीसला संपते. औषध पट्टीच्या बाहेर गेलं. "पाक हाय ह्यो," ते म्हणाले. "खोकला चिकटून बसंल की रं." हे सगळं गंभीर चेहऱ्यानं. आपण हसलो की ते काय झालं म्हणून आपल्याकडे बघायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. स्वतःच्या कामाचं माप खिशात घेऊन फिरणारा, आणि दिसेल त्याला ते लावून बघणारा. अशा माणसांची आपण थट्टा करतो आणि अडलं की त्यांच्याचकडे जातो. दादा आता नाहीत. गेल्या हंगामाचा बॉयलर पेटला त्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. ते कशानं गेले, हे मी त्याला विचारलं नाही. मला उत्तर नको होतं, असंही असेल.

दादा वडूजकडचे, कोरडवाहू मुलखातले. "आमच्याकडं तुळशीच्या लग्नाला ऊस लागायचा तर फलटनवरनं आनायचा. पाच कांडी. लग्न लागलं की त्या उसावर पोरांची मारामारी," असं ते सांगायचे. असा माणूस फलटणच्या बाजूला साखर कारखान्यात चिकटला आणि जन्मभर साखर मोजत बसला. मी सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. मला उसाचं कौतुक कधीच नव्हतं. दादा मात्र गव्हाणीत पडणाऱ्या उसाकडे शेवटपर्यंत नवलानं बघत उभे राहायचे. एवढा ऊस, असं पुटपुटायचे.

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा सैन्यात, वर कुठेतरी थंडीच्या मुलखात, रविवारी फोन करायचा. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत दादा एकटे. आणि त्यातच त्यांची साठी जवळ आली. हंगाम संपता संपता निवृत्ती होती. आमच्याकडे जुन्या, जाणत्या माणसाला एकेक हंगामाची मुदतवाढ देण्याची पद्धत आहे. पण कारखान्याच्या डॉक्टरनं "कामास योग्य" असं लिहून द्यावं लागतं आणि मुख्य केमिस्टनं त्यावर सही करावी लागते. आमचे मुख्य केमिस्ट नवे होते, चाळिशीतले, सगळं झटपट हवं असणारे. दादांना ती मुदतवाढ हवी होती. पगारासाठी नव्हे. त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं, "गावाकडं घराला कुलूप हाय. जाऊन उघडीन, झाडून घीन. फुडं? तिथं मी कुनाचा ब्रिक्स बघू?"

ऊस तुटला की लवकरात लवकर गाळावा लागतो. यार्डात पडून राहिला तर त्याचं वजन घटतं, साखर घटते, साखरेचा उतारा बसतो. "मी यार्डातला ऊस हाय गड्या," दादा म्हणायचे. "नंबर लागला तर बरं."

त्या हंगामात एक दिवस यार्डातला एक ट्रॅक्टरवाला प्रयोगशाळेच्या दारात आला आणि दादांना म्हणाला, "आवं आबा, आमचा नंबर कवा लागतोय?" तोपर्यंत त्यांना सगळे दादा म्हणत. संचालक दादा म्हणत, झाडूवाली मावशी दादा म्हणायची. आबा कुणी म्हटलं नव्हतं. दादांनी त्याला वजनकाट्याकडे पाठवलं, मग हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर जरा वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी केस काळेभोर, आणि दोन्ही कानांच्या पाळ्याही काळ्या. मी बघितलं आणि नमुन्यांच्या बाटल्या उचलल्या. मावशीनं मात्र विचारलं, "दादा, कानबी रंगवलं व्हय?" त्यांनी आठवडाभर कानाला रुमाल बांधला आणि थंडी बाधते म्हणून सांगितलं. दिवस होते फेब्रुवारीअखेरचे.

आता त्या डब्यांकडे येतो.

कारखान्याच्या गेटबाहेर एक टपरी आहे. पूर्वी तिथं चहा आणि वडे मिळायचे. अलीकडे पुढं काचेचा फ्रीज आला, आणि त्यात ते झोप उडवणारे रंगीत डबे आणि बाटल्या. एनर्जी ड्रिंक. नंबर लागेपर्यंत ताटकळणारे ट्रॅक्टरवाले एकामागून एक पितात, आणि मग डोळे मोठे करून बसतात. दादांनी एका बाटलीचा थेंब काचेवर घेतला. तेरा. त्यांनी पुन्हा घेतला. तेराच. ते इतके अस्वस्थ झाले की त्यांनी एका बाटलीत असते तेवढी साखर हिशेबानं मोजून काचपात्रात भरली आणि ते काचपात्र टपरीच्या फळीवर नेऊन ठेवलं. "बघा रं, एवढी साखर तुमी एका दमात पिताय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. टपरीवाल्याला ते रुचणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "दादा, साखर तर तुमीच करताय." दादा म्हणाले, "आमी पोत्यात भरतोय. तू पोटात भरतोयस." दोन दिवस काचपात्र फळीवर होतं. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं त्यातली साखर चहात वापरून टाकली.

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. तेरा म्हणजे तेरा. पण ते फक्त साखरेबद्दल बोलत होते, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आम्ही साखरेची माणसं. गोड नसेल ते निरुपद्रवी, असं आम्ही कधी मोठ्यानं म्हटलं नाही, पण आमच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं.

तो हंगाम लांबला होता. आमच्यातल्या एकानं नोकरी सोडली आणि त्याच्या पाळ्या दादांच्या आणि माझ्या वाट्याला आल्या. साप्ताहिक सुट्टी बंद. माझं अंग सदा आंबलेलं असायचं. जेवण झालं की मान आपोआप खाली जायची आणि मिलचा तो सगळा धडधडाट अंगाईसारखा वाटायला लागायचा. अशात सांगलीहून आलेला माझा भाचा, व्यायामशाळेत जाणारा, घरी एक डबा विसरून गेला. त्यावर मोठ्या अक्षरात "साखर शून्य" लिहिलेलं. मला गंमत वाटली. मी तो दुपारपाळीला घेऊन गेलो आणि दादांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "आता ह्याचा बघा."

दादांनी थेंब घेतला, डोळा मिटला. आकडा पुरता एकसुद्धा भरेना. त्यांनी काच पुसली, पुन्हा बघितलं. मग साखर मोजायच्या मोठ्या यंत्रात घालून बघितलं. तिथं शून्य. ते नळीकडे बघत राहिले, मग डब्याकडे.

"ह्ये तर पानी हाय," ते म्हणाले. "झोप घालवनारं पानी."

त्यांचा चष्मा टेबलावर होता, उचलायचा त्यांना कंटाळा आला असावा. डबा माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "मागं काय लिवलंय बघ जरा."

मागं बारीक अक्षरात बरंच लिहिलं होतं. कॅफीन किती, टॉरिन किती, गोडीसाठी घातलेलं काहीबाही, व्हिटामिनं. आणि खाली एक ओळ: लहान मुलांनी, गरोदर बायकांनी, कॅफीन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये, दिवसाला अमुकपेक्षा जास्त घेऊ नये. मी ते वाचलं. ब्रिक्समीटरला कॅफीन दिसत नाही, एवढं मला कळत होतं, बी.एस्सी.ला शिकलो होतो. दादांचा रक्तदाब वर असतो, हेही मला माहीत होतं. पण मला झोप येत होती. सांगायला लागलो असतो तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, मग पुस्तक काढलं असतं, मग त्या कॅफीनची तपासणी कशी करायची यावर तासभर गेला असता. मी डबा परत सरकवला आणि म्हटलं, "काय न्हाई. व्हिटामिनं हायत."

दादांनी तो डबा पिऊन टाकला.

त्या दुपारी त्यांनी माझे नमुने आणले, माझे आकडे लिहिले, वर कोपऱ्यातलं कपाट आवरलं. चारच्या सुमाराला मी खुर्चीत डुलक्या घेत होतो तेव्हा त्यांनी मला उठवलं नाही. मुख्य केमिस्ट डोकावले तेव्हा मी मागच्या स्टोअरमध्ये पोत्यांवर आडवा होतो. दादांनी सांगितलं, "त्यो सॅम्पल आनायला गेलाय." हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि म्हणाले, "नीज की तू. मला काय झोपच न्हाई."

तेव्हापासून ती रीतच पडली. टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी बिनसाखरेचे डबे मागवायला सुरुवात केली. पूर्वीचं भांडण तो विसरला. दिवसाला एक डबा. मग दोन. हंगाम तापला तसे तीन. दादा चपळ झाले. जिना ते दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. मुख्य केमिस्ट एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "शिका दादांकडून." त्या दिवशी दादांचा चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. आणि मी झोपत होतो. रोज दुपारी अर्धा तास, पाऊण तास. कुणी विचारलं की मी सॅम्पल आणायला गेलेला असायचो.

मग त्यांना मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की त्या डब्यातल्या टॉरिननं म्हातारपण लांबतं.

"टॉरिन," ते शब्द जपून उच्चारत मला म्हणाले. "उंदरास्नी दिलं तर उंदरं तरनी राहत्यात म्हनं."

"आवं, पन तुमी काय उंदीर हाय का?"

त्यांनी विचार केला. "साखरंच्या गोडाऊनात जलम गेला," ते म्हणाले. "फरक कितीसा हाय?"

मी हसलो, आणि तो विषय तिथंच मिटला. मिटवला, असं म्हणायला हवं.

खुणा दिसत होत्या. पहाटेच्या पाळीला ते तासभर आधीच येऊन बसायचे, कारण घरी पडून डोळा लागत नव्हता. बोलता बोलता छातीवर हात ठेवायचे आणि विचारलं तर "वारा धरलाय" म्हणायचे. चिडायला लागले होते, आणि दादांना चिडताना मी पूर्वी बघितलं नव्हतं. एका दुपारी ते पहिल्या मिलच्या रसाचा थेंब काचेवर ठेवत होते. थेंब काचेबाहेर पडला. त्यांनी पुसलं. थेंब ठेवायची काचकांडी पुन्हा उचलली, आणि कांडी काचेवर टकटक वाजायला लागली. थेंब पडला तो एक नव्हता, चार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होतो. मला तो आवाज ऐकू आला होता.

"हात गार पडलाय," दादा म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

मुदतवाढीच्या तपासणीचा दिवस आला. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, केस नव्यानं रंगवून आले. या वेळी कान वाचले होते. तरतरीत दिसावं म्हणून सकाळीच दोन डबे पिऊन आले होते. मी दाराशी बाकावर बसलो. डॉक्टरनं रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. मग मनगट हातात धरून घड्याळाकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा बदलला. ठोके नुसते जोरात नव्हते, मध्येच एखादा चुकत होता. त्यानं कागदावर "कामास योग्य" लिहिलं नाही. "यांना आत्ता साताऱ्याला न्या," तो मला म्हणाला.

वाठारमार्गे जीप निघाली. दादा खिडकीशी बसले होते. समोरून उसाची एक ट्रॉली आली तेव्हा त्यांनी सवयीनं ऊस बघितला आणि म्हणाले, "तीन दिवसाचा शिळा हाय." ट्रॉली मागं पडेपर्यंत ते वळून बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरनं कागद फाडला तर न्हाई न्हवं?"

"न्हाई. घडी घालून ठिवलाय."

"मग हुईल," ते म्हणाले. "उद्या परत जाऊ."

साताऱ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, वाचली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसली. माझ्या मुलीएवढी असेल, पण घाईत नव्हती.

"आजोबा, दिवसभरात काय काय घेता? चहा, तंबाखू, काही औषधं?"

'आजोबा' ऐकून दादा थोडे दचकले. "तंबाखू न्हाई. च्या बिनसाखरंचा. दोन येळा."

"आणखी?"

"पानी," दादा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. साखर शून्य आलेलं सगळं त्यांच्या लेखी पाणीच होतं.

"झोप किती लागते?"

"झोप न्हाई लागत. पन थकवा बी न्हाई."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. दादांची पिशवी माझ्या मांडीवर होती. तीत एक डबा होता, दुपारसाठी आणलेला. मी तो काढून तिच्या हातात दिला. तिनं उलटा करून मागची अक्षरं वाचायला घेतली, मोठ्यानं, एकेक करून. कॅफीन. टॉरिन. मध्ये एका लांबलचक नावावर तिचीही जीभ अडखळली. मग ती खालची ओळ.

"किती घेता असे?"

"तीन," मी म्हटलं. "कवातरी चार."

तिनं डबा टेबलावर ठेवला. म्हणाली, "हे पाणी नाही, आजोबा. थकवा जात नाही यानं, नुसता कळेनासा होतो. तुमचा रक्तदाब आधीच वर, आणि त्यात रोज असे तीन-चार. हृदयाला दिवसभर पळवत होतात तुम्ही. याच्यामुळंच ठोके चुकायला लागले असं मी लिहून देणार नाही, आणखीही कारणं असतील, ती आपण बघू. पण हे आजपासून बंद."

"त्यातलं टॉरिन चांगलं असतंय म्हनं," दादा हळूच म्हणाले. "वय थांबतंय."

"उंदरांचं मला ठाऊक नाही. माणसांचं अजून कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण झोप गेली की माणूस लवकर म्हातारा होतो, हे मी रोज इथं बसून बघते."

ती बाहेर गेली. दादा छताकडे बघत होते. वायरी अजून छातीला तशाच होत्या.

"गड्या, ह्ये मागं लिवलं हुतं?"

"हुतं."

"त्या दिवशीबी?"

"व्हय."

"तू वाचलंवतंस?"

"वाचलं हुतं, दादा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नळीतला आकडा अंधुक दिसला की ते जसे डोळे बारीक करायचे, तसे करून. "मग सांगितलं का न्हाईस?"

मी पुष्कळ कारणं शोधली असती. त्यांना दुखवायचं नव्हतं, त्यांची मुदतवाढ व्हावी असं मलाही वाटत होतं, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण त्या खोलीत, त्या वायरींसमोर, खरं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"झोप येत हुती मला."

दादांनी मान पुन्हा छताकडे वळवली. मला वाटलं, आता ते माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मग त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर पडला.

"आसू दे," ते म्हणाले. "दोघातल्या एकाची तरी झोप झाली."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मुदतवाढ झाली नाही. गोळ्या सुरू झाल्या, डबे बंद झाले, ठोके बरेचसे ताळ्यावर आले, पण कागदावर जे लिहायला हवं होतं ते डॉक्टरनं लिहिलं नाही. हंगाम संपला तेव्हा वसाहतीतल्या खोल्या रिकाम्या करायला मी गेलो होतो. सामान फार नव्हतं. ब्रिक्समीटर त्यांचा स्वतःचा होता, नोकरीच्या सुरुवातीला घेतलेला; तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. टेंपो गेटातून निघताना यार्ड मोकळं होतं. टपरीवाला बाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, येत जावा." दादा म्हणाले, "आबा म्हन रं आता. चालतंय."

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. गणपतीच्या आधी, ऑफ सीझनमध्ये. वडूजला उतरून दुसऱ्या गाडीनं त्यांच्या गावी पोहोचेपर्यंत दोन वाजले होते. मनात एक वाक्य तयार करून नेलं होतं, सहा महिने उशिरा का होईना. माफी मागायचं. वाटेत ते मी दहा वेळा म्हणून बघितलं. माझी परतीची गाडी पाचला होती. पुढं जे झालं त्याला भेट म्हणायची का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घर उघडं होतं. कट्टा सारवलेला. दार अर्धं लोटलेलं, आणि आत खाटेवर दादा झोपले होते. कुशीवर, एक हात डोक्याखाली घेऊन. केस पांढरे झाले होते, कापसासारखे, आणि तोंड किंचित उघडं. शेजारी स्टुलावर ब्रिक्समीटर, काचकांडी, धुतलेला रुमाल. एवढ्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं. झोपायचा तो मी. त्यांचा श्वास एकसारखा चालला होता, मी दारात उभा राहून तो मोजला. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो.

अर्ध्या तासानं एक शेतकरी आला. खांद्यावरच्या उपरण्यात दोन डाळिंबं. त्याच्याकडून कळलं की या बाजूला आता डाळिंबाच्या बागा झाल्यात, आणि माल तोडायच्या आधी सगळे फळ घेऊन इथंच येतात. गोडी भरली का नाही, ते आबा नळीतून बघून सांगतात. एकाच थेंबात. तो हे सांगताना दाराकडे बघत होता.

"मग आबा हायत का घरात?"

"न्हाईत," मी आवाज खाली आणून म्हटलं. "सॅम्पल आनायला गेल्यात."

त्यानं दारापाशी काढून ठेवलेल्या वहाणा बघितल्या. खिडकीत ठेवलेला चष्मा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग त्यानं डाळिंबं कट्ट्यावर ठेवली, पायातलं पायताण आवाज न करता काढलं आणि माझ्या शेजारी टेकला.

"लय येळ लागंल का वो?" त्यानंही हळूच विचारलं.

"लागंल तेवढा लागू दे," मी म्हटलं. "मी हाय हितं."

खाटेवर ऊन यायला लागलं होतं. मी उठलो आणि दार हळूच ओढून घेतलं.